निवळ पाणी आणि निर्विष पाणी



‘पाणी निवळलें’ असें आपण म्हणतों, तेव्हां आपल्या मनांत कोणता अर्थ असतो? पावसाळ्यांतील नदीचें गढूळ पाणी हंड्यांत भरून ठेवावें, रात्रभर तें हलवूं नये, सकाळीं वरचें पाणी अलगद दुसऱ्या भांड्यांत ओतून घ्यावें आणि तळचा गाळ फेंकून द्यावा, एवढाच तो अर्थ. पूर्वीं या कामीं निवळीचें बी वापरीत. निवळी आणि निवळणें हे दोन्ही शब्द ‘निर्मल’ या एकाच मुळांतून आलेले आहेत. संस्कृतांत या बियेला कतक म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत पाण्याचा गढूळपणा घालविण्याचीं जीं सात साधनें सांगितलीं आहेत, त्यांत कतकाला पहिलें स्थान आहे. गोमेद, कमळाच्या देठाची गांठ, शेवाळाचें मूळ, वस्त्र, मोतीं आणि मणि हीं उरलेलीं सहा.

हीं साधनें भाबडेपणाचीं होतीं असें कोणी समजूं नये. निवळीचें बी भांड्याच्या आंतल्या अंगास उगाळलें कीं मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि खालीं बसतात. आजच्या मोठ्या शहरांत तुरटी जें काम करते, तेंच तें बी करीत असे. परंतु या साधनांची सत्ता एका मर्यादेपर्यंतच चालते. पाण्यांत जें तरंगतें तें तीं काढून टाकतात. पाण्यांत जें विरघळलें आहे त्याला तीं हात लावीत नाहींत.

आजच्या भाषणाचा विषय त्या विरघळलेल्या वस्तूंपैकीं एका वर्गाचा आहे. शिसें, पारा, कॅडमियम, तांबें हे ते जड धातु होत. त्यांना पाण्यांतून काढण्यासाठीं तूस, टरफलें, साली, चिपाडें अशा, शेतकरी ज्यांना उकिरड्याची वाट दाखवितो त्या, पदार्थांचा उपयोग करावा ही कल्पना माणसास कशी व केव्हां सुचली, याचा इतिहास मला सांगावयाचा आहे.

प्रथम प्रमाणाची कल्पना करून घेतली पाहिजे, नाहींतर पुढील हकीकत अतिशयोक्तीची वाटेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणें एका लिटरांत शिसें ०.०१ मिलिग्रॅमपेक्षां, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षां आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमपेक्षां अधिक असतां कामा नये. दशांश चिन्हें ऐकून कान दमतात. म्हणून दुसऱ्या रीतीनें सांगतों. एक ग्रॅम शिसें म्हणजे भुईमुगाच्या दोन दाण्यांइतकें वजन. तेवढें शिसें विरघळलें तर एक लाख लिटर पाणी या मर्यादेच्या कांठावर जाऊन पोंचतें. दहा लिटरांची घागर धरली तर दहा हजार घागरी झाल्या! त्यांतील प्रत्येक घागर आरशासारखी निवळ दिसेल. तिला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. पाणी उकळल्यानें जंतु मरतात, धातु मरत नाहीं. उलट पाणी आटलें तर त्याचें प्रमाण वाढतें.

धातु पाण्यांतून पोटांत जातो ही गोष्ट प्राचीनांना अगदींच अज्ञात होती असें नव्हे. विट्रुव्हियस या रोमन शिल्पशास्त्रज्ञानें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत लिहून ठेवलें आहे कीं, शिशाच्या नळांतून आणलेलें पाणी अपायकारक असतें, त्यापेक्षां मातीचे नळ बरे. आणि पुरावा म्हणून त्यानें शिशाचें काम करणाऱ्या कारागिरांच्या फिकट पडलेल्या वर्णाकडे बोट दाखविलें. रोमनें तें वाचलें आणि शिशाचे नळ घालणें चालूं ठेवलें.

वनस्पतींतील कांहीं द्रव्यें धातूला घट्ट धरून ठेवतात, हें ज्ञानहि तितकेंच जुनें आहे. इ. स. ७९ मध्यें व्हीसुव्हियसच्या उद्रेकांत मरण पावलेला प्लिनी आपल्या सृष्टिविज्ञानाच्या प्रचंड ग्रंथांत एक युक्ति सांगतो. त्या काळीं जंगाल या तांब्याच्या हिरव्या क्षारांत लबाड व्यापारी हिराकशीची भेसळ करीत. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. ती ओळखण्यासाठीं मायफळाच्या काढ्यांत भिजविलेला पपायरस घ्यावा आणि त्यावर संशयित जंगाल लावावें. भेसळ असेल तर पपायरस तत्काळ काळा पडतो. प्रयोगशाळेंत आपण जे परीक्षेचे कागद वापरतों त्यांचा हा मूळ पुरुष होय. हें मायफळ आपल्याकडे बाळगुटींत उगाळीत आले आहेत, त्यामुळें गृहिणींना त्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं.

प्लिनीचा प्रयोग आपल्या स्वयंपाकघरांत नकळत अनेकदां होतो. लोखंडी विळीवर आंवळा चिरला म्हणजे पात्यावर आणि फोडीवर काळसर डाग पडतो. आंवळा, हिरडा, मायफळ, बाभळीची साल या सर्वांत जें तुरट द्रव्य आहे, ज्याला रसायनशास्त्रांत टॅनिन म्हणतात, तें लोखंडाच्या कणाला दोन्ही बाजूंनीं चिमट्यासारखें धरतें, आणि त्या संयोगाचा रंग काळा असतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई याच तत्त्वावर होत असे. कित्येक दप्तरें तसल्या शाईनें लिहिलीं गेलीं. रंगारी लोकांची विद्याहि हीच. कापड आधीं हिरड्याच्या काढ्यांत भिजवावयाचें, मग तुरटीच्या किंवा लोखंडाच्या पाण्यांतून काढावयाचें, म्हणजे धातु धाग्याला चिकटून बसतो आणि त्यावर रंग पक्का चढतो. नदीच्या कांठीं बसून पाण्यांतील धातु धाग्यावर घेण्याचा हा धंदा पिढ्यान् पिढ्या चालला होता.

पण रंगाऱ्याला कापड हवें होतें; पाणी तो टाकून देत असे. कापडाचा रंग बाजूस ठेवून, त्या टाकलेल्या पाण्यांतील धातु किती कमी झाला हें पाहावें, असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. माझ्या मतें या इतिहासांतील सर्वांत मोठें आश्चर्य हेंच आहे. प्लिनीनंतर हा प्रश्न उलटा करून पाहण्यास जवळजवळ एकोणीसशें वर्षें जावीं लागलीं.

मध्यंतरीं कोळशानें लोकांचें लक्ष वेधून घेतलें. १७८५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील राजवाड्याच्या औषधालयांत टोबियास लोव्हिट्झ हा रसायनज्ञ टार्टारिक अम्लाचे स्फटिक करीत असतां, कोळशाच्या संपर्कानें त्याचें तपकिरी द्रावण रंगहीन होतें असें त्याला दिसून आलें. पुढें त्यानें घाण वास येणाऱ्या पाण्यावरहि कोळशाचा प्रयोग केला. साखरेच्या कारखान्यांतून कोळसा आला, आणि पहिल्या महायुद्धांत तर तो सैनिकांच्या तोंडावर चढला. विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांसाठीं कठीण कवचाचा कोळसा उत्तम, असें ठरल्यावर १९१८ सालीं अमेरिकेंत नारळाच्या करवंट्या, अक्रोडाचीं कवचें आणि पीचच्या कोयी घरोघर गोळा करण्यांत आल्या. एका मुखवट्याला २०० कोयी किंवा ७ पौंड कवचें लागतात, असें लोकांना सांगण्यांत येई. शाळेचीं मुलें टोपल्या घेऊन कोयी जमवीत हिंडत. शेतींतील केरकचऱ्यानें जीव वाचतो याचें एवढें मोठें लोकशिक्षण त्यापूर्वीं कधीं झालें नसेल.

मात्र कोळशाच्या या कीर्तीनें एक गैरसमज रूढ केला. कोळसा रंग धरतो, वास धरतो, कित्येक वायु धरतो. तेव्हां तो सर्वच धरीत असला पाहिजे, असें लोक समजूं लागले. वस्तुतः पाण्यांत विरघळलेल्या धातूचे कण विद्युद्भार धारण करणारे असतात. साधा कोळसा त्यांना तितक्या उत्सुकतेनें जवळ करीत नाहीं. त्याच्या पृष्ठभागावर निराळे संस्कार करावे लागतात. धातूला धरण्यासाठीं नुसतीं छिद्रें पुरत नाहींत; देवघेव करणारा हात लागतो.

त्या देवघेवीचा शोध एका शेतकऱ्याच्या तक्रारींतून लागला. यॉर्कशायरमध्यें हॅरी स्टीफन टॉमसन नांवाचा एक जमीनदार होता. उकिरड्यांतील खताचा कस पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो, तो राखावा कसा, ही त्याची विवंचना होती. १८४५ च्या सुमारास त्यानें यॉर्क येथील जोसेफ स्पेन्स या औषधविक्रेत्याच्या साह्यानें एक साधा प्रयोग केला. मातींत अमोनियम सल्फेट हें खत मिसळलें आणि वरून पाणी ओतलें. खालीं झिरपून येणाऱ्या पाण्यांत अमोनियम सल्फेट यावयाचें, तें आलें नाहीं. आली चिरोडी, म्हणजे चुन्याचें सल्फेट! मातीनें अमोनिया ठेवून घेतला आणि त्याच्या बदल्यांत आपल्याजवळचा चुना देऊन टाकला. टॉमसननें ही हकीकत शाही कृषिसंस्थेचे रसायनज्ञ जॉन टॉमस वे यांना कळविली. वे यांनीं चिकाटीनें प्रयोग करून १८५० आणि १८५२ मध्यें त्या संस्थेच्या नियतकालिकांत आपले निबंध छापले. माती हें काम गाळणीसारखें करीत नाहीं, सावकारासारखें करते. एक घेते, एक देते, आणि हिशेब चोख असतो. ही देवघेव उलटी फिरत नाहीं अशी वे यांची समजूत होती. १८५८ सालीं आइखहॉर्न या जर्मन संशोधकानें ती खोटी ठरविली. दुसरें द्रावण जोरकस असेल, तर घेतलेलें परत द्यावें लागतें. हा मुद्दा कृपा करून ध्यानांत ठेवावा, कारण पुढें त्याची गरज पडणार आहे.

जें पाणी साबणाला फेंस येऊं देत नाहीं तें मऊ करण्यासाठीं या ज्ञानाचा उपयोग विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत झाला. १९३५ सालीं इंग्लंडांत ॲडम्स आणि होम्स या दोघांनीं देवघेव करणारी कृत्रिम राळ तयार केली, आणि पुढें कारखान्यांतून तिचा प्रसार झाला. पण राळ पैसे खाते. ज्या खाणींतून व कारखान्यांतून धातु मिसळलेलें पाणी सर्वांत अधिक बाहेर पडत होतें, त्यांच्या मालकांना नदी फुकट मिळत होती. ते राळेसाठीं पैसे कशाला मोजतील? ज्ञान होतें, निकड नव्हती. ती निकड किती भयंकर रूपानें आली हें पाहण्यासाठीं आपल्याला जपानांत गेलें पाहिजे.

जपानच्या तोयामा प्रांतांत जिन्झू नांवाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला कामिओका येथें जस्त व शिसें यांची खाण होती. खाणींतून धुऊन आलेलें कॅडमियम नदींत मिसळे, आणि नदीचें पाणी भाताच्या खाचरांत जाई. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून त्या खोऱ्यांत एक रोग दिसूं लागला. तो बहुधा मुलेंबाळें झालेल्या, प्रौढ वयाच्या स्त्रियांना होई. हाडें इतकीं ठिसूळ होत कीं नुसत्या खोकल्यानेंहि मोडत. त्या बायका ‘इताइ, इताइ’ म्हणजे ‘दुखतें, दुखतें’ असें कण्हत, आणि रोगाला तेंच नांव पडलें. गांवांतील डॉक्टर नोबोरू हागिनो यांनीं १९६१ सालीं कॅडमियमवर उघड आरोप केला. जपान सरकारनें तो १९६८ मध्यें मान्य केला, आणि १९७१ व १९७२ च्या निकालांनीं खाणीच्या मालक कंपनीवर भरपाईची जबाबदारी ठेवली.

येथें भाताच्या रोपाचें वर्तन पाहण्यासारखें आहे. रोपानें पाण्यांतील आणि मातींतील कॅडमियम शोषून घेतलें, दाण्यांत सांठविलें, आणि तो दाणा त्या बायकांच्या ताटांत गेला. धातूला धरून ठेवण्याची जी वनस्पतीची शक्ति, तीच येथें घातक ठरली.

दुसरी कथा मिनामाताची. समुद्रकांठच्या या गांवांत चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड करीत असे, आणि त्या कृतींत पाऱ्याचा उपयोग होई. पाणी खाडींत सोडलें जाई. मासे खाणारीं मांजरें प्रथम झिंगल्यासारखीं नाचूं लागलीं, मग माणसांचे हातपाय लुळे पडूं लागले. कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनीं १ मे १९५६ रोजीं या अज्ञात रोगाची वर्दी सरकारी अधिकाऱ्यांना दिली. १९५९ च्या जुलैंत कुमामोतो विद्यापीठानें पाऱ्याकडे बोट दाखविलें. त्याच वर्षीं होसोकावांनीं कारखान्याचें पाणी अन्नांत घालून एका मांजराला दिलें, आणि ऑक्टोबरांत त्याला तोच रोग जडला. कंपनीनें पुढील प्रयोग थांबविले.

आणि मग डिसेंबर १९५९ मध्यें मिनामाता येथें एक समारंभ झाला. कंपनीनें मोठा खर्च करून ‘सायक्लेटर’ नांवाचें जलशुद्धियंत्र बसविलें होतें. समारंभांत कंपनीच्या अध्यक्षांनीं, यंत्रांतून निघालेलें म्हणून, एक पेला पाणी सर्वांसमक्ष पिऊन दाखविलें. लोकांचा विश्वास बसला. पण तें यंत्र गाळ काढणारें होतें. विरघळलेला सेंद्रिय पारा काढण्यासाठीं तें बांधलेंच नव्हतें. शिवाय ज्या विभागांतून पारा येत होता, त्या विभागाचें पाणी त्या वेळीं यंत्रांतून जातच नव्हतें. पेल्यांतील पाणी निवळ होतें यांत शंका नाहीं! कारखान्यांतील ती कृति १९६८ च्या मे महिन्यांत बंद झाली, आणि सप्टेंबरांत सरकारनें रोगाचें कारण अधिकृतपणें जाहीर केलें. समारंभापासून तेथपर्यंतच्या आठ वर्षांहून अधिक काळांत लोक तेच मासे खात राहिले. अधिकृत नोंद झालेल्या रोग्यांची संख्या २,००० हून अधिक आहे. निवळ आणि निर्विष यांतील अंतर इतकें महाग पडल्याचें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

१९७० सालीं हीच भीति उत्तर अमेरिकेंत पोंचली. नॉर्वेहून कॅनडांत शिकावयास आलेल्या नॉर्वाल्ड फिमराइट या विद्यार्थ्याला सेंट क्लेअर सरोवरांतील माशांत पारा आढळला. मिठाच्या पाण्यांतून वीज सोडून क्लोरीन करणारे कारखाने त्या काळीं पारा वापरीत, आणि त्यांचें सांडपाणी त्या जलमार्गांत जात असे. तेथील मासेमारीवर बंदी घालावी लागली.

आतां कुठें तो जुना प्रश्न उलटा करण्यांत आला, आणि तो केला कृषिखात्यानें. अमेरिकन सरकारच्या कृषिखात्याची एक प्रयोगशाळा कॅलिफोर्नियांत बर्कलीजवळ आल्बनी येथें आहे. पिकांच्या टाकाऊ भागांना कांहीं किंमत आणून द्यावी, हें तिच्या कामांपैकीं एक. मेंडेल फ्रीडमन आणि अँथनी वाइस यांनीं १९७२ सालीं शेतमाल आणि त्याचे टाकाऊ भाग पाण्यांतील पारा किती उचलतात याचीं मोजमापें प्रसिद्ध केलीं. १९७४ मध्यें त्याच मंडळींपैकीं कांहींनीं ओकच्या सालीची परीक्षा केली. पाऱ्याच्या जोरकस द्रावणांत एक किलो सुक्या सालीनें सुमारें ४०० ग्रॅम पारा धरला. मायफळ हें ओकच्याच झाडावर येतें, हें सांगितलें म्हणजे प्लिनीचा पपायरस कोठें जाऊन पोंचला हें श्रोत्यांच्या ध्यानांत येईल.

पुढच्याच वर्षीं, १९७५ मध्यें, जे. एम्. रँडॉल आणि त्यांचे सहकारी यांनीं जो पदार्थ घेतला तो तर आपल्या अगदीं घरचा आहे. दाण्याचें कूट करावयाचें म्हणजे दाणे भाजावे, हातानें चोळावे आणि सुपांत घालून पाखडावे. तीं लाल सालपटें फुंकरीसरशीं अंगणभर उडतात. तींच हीं! भुईमुगाच्या त्या लाल सालपटांतून तांब्याचें पाणी सोडलें असतां सालपटें तांबें धरून ठेवतात, असें रँडॉल यांनीं दाखविलें. कारण तेंच, सालपटांतील तुरट द्रव्य.

सर्वच टाकाऊ पदार्थांत टॅनिन असतें असें नव्हे. भाताच्या तुसांत, उसाच्या चिपाडांत, नारळाच्या काथ्यांत, फळांच्या सालींत धातु धरणारीं इतर द्रव्यें आहेत. वनस्पतीच्या पेशींच्या भिंतींत अम्लधर्मी टोंकें असतात, आणि त्यांना चुन्याचे किंवा हायड्रोजनचे कण चिकटलेले असतात. शिशाचा कण जवळ आला कीं टोंक हातांतला चुना सोडतें आणि शिसें धरतें. टॉमसनच्या मातीचा तोच हिशेब. भाताच्या वजनाचा सुमारें पांचवा भाग तूस असतें. एवढी रास दरवर्षीं भातगिरण्यांच्या दारांत पडते, आणि जनावरें ती आवडीनें खात नाहींत. तेव्हां संशोधकांचा तिच्यावर डोळा गेला यांत नवल नाहीं.

रँडॉल यांना लगेच एक अडचण आली, आणि ती मोठी बोधप्रद आहे. सालपटांनीं तांबें घेतलें खरें, पण पाणी लाल केलें! टॅनिन स्वतःच पाण्यांत विरघळूं लागलें. मग त्यांनीं सालपटांवर आणि झाडांच्या सालींवर फॉर्मलिनचा संस्कार करून टॅनिन जागच्या जागीं बांधून टाकलें. म्हणजे जो पदार्थ फुकट होता, त्याला किंमत पडूं लागली. हा अनुभव पुढें प्रत्येकाला आला आहे. कच्चें तूस थोडें धरतें. अम्लानें किंवा क्षारानें धुतलें तर पुष्कळ धरतें, पण तें धुणें कोणीतरी केलें पाहिजे, आणि तें धुणवण कोठेंतरी ओतलें पाहिजे.

त्यानंतर या विषयावर जगभर, आणि आपल्या देशांत विशेष, निबंधांचा पूर आला आहे. तूस, काथ्या, चिपाड, लाकडाचा भुसा, केळीचीं सालें, कोणताहि पदार्थ परीक्षेवांचून राहिला नाहीं. निबंध पुष्कळ आणि चालूं गाळण्या थोड्या, अशी ही स्थिति आहे. प्रयोगशाळेच्या पेल्यांत शुद्ध पाणी असतें आणि त्यांत मोजून टाकलेला एकच धातु असतो. खऱ्या नदींत चुना आणि मॅग्नेशियम यांचे कण शिशाच्या हजारोंपट असतात, आणि ते सगळे त्याच टोंकांपाशीं गर्दी करतात. पाणी आंबट असेल तर हायड्रोजनच सगळ्या जागा अडवून बसतो. म्हणून घरच्या माठांत मूठभर काथ्या टाकून निश्चिंत होण्याचा मोह कोणी धरूं नये. पाण्यांत धातूचा संशय असेल तर तें आधीं प्रयोगशाळेंत तपासून घेतलें पाहिजे. डोळ्यांवर आणि जिभेवर विसंबून चालत नाहीं.

सोमलाचें उदाहरण या बाबतींत सांगितलें पाहिजे. सोमल हा पुरता धातु नव्हे, पण त्याची गणना याच मंडळींत होते. नदीनाल्यांच्या पाण्यांतील रोगजंतूंपासून लोकांना वांचवावें म्हणून बंगालच्या दोन्ही भागांत लाखों नळविहिरी खोदल्या गेल्या. त्यांचें पाणी थंड, स्वच्छ आणि जंतुरहित होतें. १९८३ सालीं कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर के. सी. साहा यांनीं पश्चिम बंगालमधील रोग्यांच्या हातापायांवरील डागांवरून त्या पाण्यांतील सोमल ओळखला. येथें नुसतें तूस फारसें उपयोगी पडत नाहीं. शिशाचे आणि कॅडमियमचे कण धनभारित, तुसाचीं टोंकें ऋणभारित. म्हणून त्यांचें जुळतें. सोमल पाण्यांत असतो तो बहुधा ऋणभारित किंवा भाररहित स्वरूपांत. त्याला लोखंडाचा गंज धरतो. अबुल हुसाम या बांगलादेशीय रसायनज्ञानें लोखंड, वाळू, विटांचे तुकडे आणि लाकडी कोळसा यांच्या थरांची घरगुती गाळणी केली, आणि २००७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीनें तिला मोठें पारितोषिक दिलें. तुसावर लोखंडाचा लेप चढविला तर तूसहि हें काम करतें. पण मग श्रेय लोखंडाला द्यावयास हवें.

आतां जो मुद्दा ध्यानांत ठेवावयास सांगितला होता, त्याकडे वळूं. तूस भरलें, त्याच्या सर्व टोंकांना शिसें चिकटलें, पुढें काय? शिसें नाहींसें झालेलें नाहीं, जागा बदलून बसलें आहे. आइखहॉर्नच्या नियमानें जोरकस अम्लांत तूस धुतलें तर धातु सुटतो, आणि तो थोड्या पाण्यांत दाट होऊन हातीं येतो. तांबें असेल तर तें विकतांहि येईल. आल्बनीच्या मंडळींनीं आपल्या १९७४ च्या निबंधांत धातु काढण्याबरोबर तो पुन्हा वापरण्याचाहि विचार केला होता, हें त्यांच्या दूरदृष्टीचें लक्षण. पण जेथें धुण्याची सोय नाहीं तेथें तें तूस शेतकऱ्याच्या संवयीप्रमाणें उकिरड्यावर जाईल, खताबरोबर शेतांत जाईल, किंवा चुलींत जाईल. जाळलें तर शिसें आणि कॅडमियम धुरांत आणि राखेंत राहतात. ती राख भांडीं घांसावयास कोणी घेतली तर? एखाद्या कारखान्यानें तुसाची गाळणी बसविली असें वर्तमानपत्रांत वाचलें, कीं मी प्रथम त्या मजकुरांत भरलेल्या तुसाची वाट कोणती ठरविली आहे तें शोधतों. बहुतेक वेळां तें सांगितलेलें नसतें. गाळणी बसविण्याची परवानगी मागतांना हा प्रश्न आधीं विचारला गेला पाहिजे, आणि तो विचारण्याचा अधिकार त्या नदीचें पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला आहे.

जागा बदललेल्या धातूचें ओझें किती असतें, हें जपाननें मोजून पाहिलें आहे. मिनामाताच्या खाडींतील पाराभरला गाळ उपसण्याचें काम १९७७ मध्यें सुरू झालें आणि १९९० मध्यें संपलें. सुमारें १५ लक्ष घनमीटर गाळ भिंतींच्या आड कोंडून त्यावर ५८ हेक्टर नवी जमीन करण्यांत आली. तेथें आज उद्यान आहे आणि पारा त्याच्या खालीं आहे. जिन्झूच्या खोऱ्यांत तर शेतेंच बदलावीं लागलीं. कॅडमियम मुरलेली माती खालीं दाबून तिच्यावर दुसरी स्वच्छ माती पसरीत ८०० हून अधिक हेक्टर जमीन नीट करण्यांत आली. एकेका खाचरानें पुढें सरकणारें तें काम तीस वर्षांहून अधिक चाललें. २०१२ सालीं तें पुरें झालें, आणि त्या खाचरांत आतां पुन्हा भात लावतात.